उसाचा हंगाम, धुकं आणि पहाटेचा हायवे: या चुका टाळा

पुण्याहून कोल्हापूरला जायचं तर पहाटे चारला निघायचं, म्हणजे रस्ता मोकळा मिळतो. आपल्याकडे हे घरोघरी ठरलेलं असतं. पण कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेचा रस्ता मोकळा राहत नाही. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात आणि नेमकं त्याच वेळी नदीकाठी धुकं उतरतं.

पहिली चूक घरातूनच होते. मोबाइलवरच्या नकाशात रस्ता हिरवा दिसला की आपण निर्धास्त होतो. त्या हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच, की वाहनं अडकलेली नाहीत. धुक्याबद्दल तो काहीच सांगत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनवर विचारा. त्याहून चांगलं म्हणजे शिरवळला चहाला थांबाल तेव्हा समोरच्या दिशेने आलेल्या ट्रकवाल्याला विचारा, "साताऱ्याच्या पुढं कसं आहे?" तो तासाभरापूर्वीच तिथून आलेला असतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि शेतं भिजलेली असतील तर कऱ्हाडच्या आसपास, कृष्णाकाठी धुकं मिळणार असं धरूनच चाला. सूर्य उगवला की ते लगेच विरेल, ही समजूतही चुकीची. कित्येकदा उगवतीच्या सुमारासच ते जास्त दाट होतं. दोन तास उशिरा निघालात तर फार काही बिघडत नाही.

आता ट्रॉलीबद्दल. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची मोळी बाजूला आणि मागे बाहेर आलेली, मागचा दिवा एक तर नसतो किंवा पाचटाखाली झाकला जातो. वेग जेमतेम १५-२० किलोमीटर. तुम्ही ताशी ८० ने जात असाल तर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकता. कोरड्या रस्त्यावरसुद्धा गाडी पूर्ण थांबायला साधारण ६० मीटर लागतात. धुक्यात ३० मीटर दिसत असेल, तर ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एकदा पहाटे उंब्रजच्या पुढे मी असाच ब्रेक दाबला होता. उसाची टोकं बॉनेटच्या वर आली होती, आणि मागे मुलं झोपली होती. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, एवढाच वेग.

ट्रॅक्टरवाल्याला दोष देऊन भागत नाही, तोही रात्रभर जागा असतो. कारखान्यांनी आणि वाहतूकदारांनी प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायलाच हवी. तुमची स्वतःची ट्रॉली असेल तर आजच लावा. एवढ्याशा खर्चात कुणाचा तरी जीव वाचतो.

धुक्यात अप्पर लावणं ही सर्रास होणारी चूक. धुक्यातले पाण्याचे थेंब तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत फेकतात आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. डिप्परच ठेवा, फॉग लॅम्प असेल तर तो लावा. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नका. तुम्ही थांबला आहात की चालला आहात, हे मागच्याला कळत नाही, आणि वळताना इशारा द्यायला काही उरत नाही.

काच आतून धुरकट झाली की बरेच जण फडक्याने पुसत बसतात. थंडी असली तरी एसी लावा, हवा काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो, काच मिनिटभरात निवळते. टायरमधली हवा गार असतानाच तपासा, थंडीत ती थोडी उतरते.

आणि काहीच दिसेनासं झालं तर कडेला दिवे लावून उभं राहू नका. तुमच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून येणारा थेट तुमच्यावरच येतो. हळूहळू पुढचा पंप किंवा ढाबा गाठा. गाडी बंदच पडली तर चारही इंडिकेटर लावा, इशाऱ्याचा लाल रिफ्लेक्टर त्रिकोण बराच मागे ठेवा, सगळ्यांना खाली उतरवून कठड्यापलीकडे उभं करा आणि तिथून १०३३ ला फोन लावा.