ऑटिस्टिक लॅटिनो मुलं अठराची होतात तेव्हा: घराच्या रीतीत बसणारा प्लॅन कसा करायचा

पहिली भेट शक्यतो कुटुंबाच्या घरी घ्या आणि पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका. मी कॅलिफोर्नियात लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, कुटुंबांबरोबर काम करते आणि सुरुवातीला मी नेमकं उलटं केलं होतं, गेले, लॅपटॉप उघडला, प्रश्न सुरू, आणि त्या घरातल्या आई प्रत्येक प्रश्नाला फक्त "सी, सी", म्हणजे स्पॅनिशमध्ये हो, हो, म्हणत राहिल्या. मला वाटलं सगळं पटलंय. नंतर त्यातली एकही गोष्ट झाली नाही, कारण त्यांना काहीच पटलं नव्हतं, फक्त घरी आलेल्या बाईला तोंडावर नाही कसं म्हणायचं म्हणून सी. पुढच्या वेळी नुसती गेले, कॉफी घेतली, पान दुल्से म्हणजे गोड पाव खाल्ला, मुलाने जमवलेल्या बसच्या तिकिटांचा डबा बघितला, आजीशी बोलले. मग त्यांनी स्वतःच विचारलं की शाळा संपल्यावर याचं काय होणार. याला ते कॉन्फियान्सा म्हणतात, म्हणजे विश्वास, पण ओळख होऊन हळूहळू बसलेला. तो बसेपर्यंत तुमचा प्लॅन कागदावरच राहतो.

हे सगळं मी इथे अमेरिकेत स्पेशल एज्युकेशन, सोशल वर्क, थेरपी असल्या कामात नवीन आलेल्यांसाठी लिहितेय, कारण ट्रेनिंगमध्ये कायदे शिकवतात पण घरात गेल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नाही.

सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाचा आहे, इंडिपेंडंट. आपल्या फॉर्मवर असतं की मुलगा स्वतंत्र कधी राहणार, वेगळं घर कधी, आणि आईला ऐकू येतं की ही बाई माझ्या पोराला घराबाहेर काढायला आलीये. या घरांमध्ये फामिलिस्मो, म्हणजे कुटुंब सगळ्यात आधी, फार पक्का असतो, लग्न होईपर्यंत किंवा नंतरही आईवडिलांकडे राहणं यात कमीपणा नाही, उलट एकट्याने राहणं म्हणजे याला कोणी नाही का, असं. म्हणून मी आता घर सोडायचा प्रश्न विचारतच नाही, मी विचारते की या घरातलं कुठलं काम पूर्ण त्याचं होऊ शकतं, म्हणजे कोणी आठवण न करता, कोणी मागून हात न लावता. एका घरी एकोणीस वर्षांच्या मुलाचे कपडे आईच धुवायची, तिला वाटायचं तेच प्रेम. आम्ही वॉशिंग मशीनच्या डायलवर हिरव्या टेपचा एक तुकडा लावला, साबणाच्या मापावर तशीच एक रेघ मारली, आणि आईला सांगितलं की बुधवारी संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरातून उठायचं नाही. पहिल्या दोन बुधवारी त्या तीनदा उठल्या. चौथ्या बुधवारी त्याने स्वतःचे धुतले आणि आजीचे पण. आजीचे धुतले म्हटल्यावर घरात जो फरक पडला तो स्वतःचे धुतले यावर पडला नसता, कारण घराला उपयोगी पडणं हीच तिथे मोठं होण्याची खूण आहे. प्लॅनमधली उद्दिष्टं लिहिताना हे धरून लिहा.

पण याचा अर्थ मुलाला घर सोडायचंच नाही असं धरून चालू नका. त्याला वेगळं विचारा. रेस्पेतो नावाची जी गोष्ट आहे, मोठ्यांचा मान, त्यामुळे बरीच मुलं आईवडिलांसमोर उलट मत देत नाहीत, त्यात ऑटिस्टिक मुलाला अचानक विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जुळवायला वेळ लागतो, मग सगळे धरून चालतात की गप्प आहे म्हणजे हो. प्रश्न आधी मेसेजवर किंवा चित्रांमधून पाठवा, दोन दिवस द्या. आणि आय कॉन्टॅक्टचं ट्रेनिंग कृपा करून करू नका, एक तर ऑटिस्टिक माणसाला तो त्रास असतो, आणि अनेक घरांत मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हे चांगलं वळण समजतात, म्हणजे तुम्ही दोन्हीकडून चुकताय. गालावर पापी घेऊन भेटायची पद्धत मात्र आजीशी आधीच बोलून घ्या. पार्टीत तीस नातेवाईक एकामागून एक जवळ येतात ते काही मुलांना सहन होत नाही, तेव्हा मुठीला मूठ लावून भेटायचं असं आजीनेच जाहीर केलं की बाकीचे मुकाट ऐकतात.

भाषेचं नीट बघा. मीटिंगमध्ये बहिणीला दुभाषी करू नका, कधीच नाही. ती सतरा वर्षांची पोर, भावाबद्दलचं वाईट वाक्य आलं की ती गाळते किंवा गोड करून सांगते, आणि तिचाच काय दोष. आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या फेडरल कायद्याप्रमाणे आईवडिलांना आयईपीची, म्हणजे शाळा मुलासाठी करते त्या वैयक्तिक शिक्षण प्लॅनची, मीटिंग समजावी म्हणून इंटरप्रिटरची सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, तो आधी लेखी मागा, आणि कागद पण स्पॅनिशमध्ये मागा. दुसरं म्हणजे लॅटिनो म्हणजे स्पॅनिश असं गृहीत धरू नका, कॅलिफोर्नियात मिश्तेक किंवा सापोतेक बोलणारी कुटुंबं आहेत, ग्वाटेमालातून आलेली माम आणि किचे बोलणारी आहेत, त्यांना स्पॅनिश इंटरप्रिटर आणून दिला की आपलं काम झालं असं वाटतं आणि आईला निम्मंच कळतं. आणि ट्रान्सिसिओन (इंग्लिशमधलं ट्रान्झिशन, शाळेतून पुढच्या आयुष्यात जाणं) हा शब्द वापरला तरी घरात काही पोचत नाही, सरळ विचारा की शाळा संपल्यावरच्या सोमवारी सकाळी तो काय करेल.

याच विषयात अजून एक. कितीतरी आयांना पूर्वी सांगितलं गेलंय की मुलाशी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी गोंधळ होतो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. तो सल्ला पाळलेल्या घरात आज वीस वर्षांचा मुलगा आणि त्याची आजी एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि तिच्याकडेच तो दुपारी असतो. बोलायचं डिव्हाइस वापरत असेल तर त्यात स्पॅनिश भरून घ्या, आजीचे रोजचे शब्द आधी.

आता तारखा, कारण इथे उशीर झाला तर नुकसान पक्कं. ट्रान्झिशन प्लॅन उशिरात उशिरा 16 वर्षं पूर्ण होतात त्या आयईपीमध्ये यायलाच हवा, काही राज्यांत त्याआधी. 18 ला बहुतेक राज्यांत शिक्षणाचे हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातात आणि शाळेने ते एक वर्ष आधी सांगायला हवं. आणि नेहमीचा हायस्कूल डिप्लोमा हातात घेतला की स्पेशल एज्युकेशनचा हक्क तिथेच संपतो, हे खूप घरांना पदवीदानाच्या फोटोनंतर कळतं. डिप्लोमाऐवजी शाळा पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट घेतलं तर कॅलिफोर्नियात 22 पर्यंत शाळेची सेवा चालू राहू शकते. डिप्लोमा घेऊ नका असं मी म्हणत नाहीये, मुलाला कॉलेज करायचं असेल तर तोच हवा, पण निवड आहे हे सही करायच्या आधी त्यांना स्पॅनिशमध्ये कळायला हवं.

पैशाचं. लहानपणी आईवडिलांच्या उत्पन्नामुळे एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग माणसाला सरकारकडून दर महिन्याला मिळणारे पैसे, नाकारलं गेलं असेल तर 18 ला पुन्हा अर्ज करा, कारण तेव्हापासून आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. 2025 मध्ये फेडरल रक्कम एका माणसाला महिन्याला जास्तीत जास्त 967 डॉलर होती. घरात फुकट राहत असेल तर चेक कमी होऊ शकतो, म्हणून घरखर्चातला त्याचा वाटा ठरवा आणि लिहून ठेवा, लॅटिनो घरात कमावता मुलगा घरात पैसे देतोच, त्यामुळे ही गोष्ट त्यांना लगेच पटते. त्याच्या नावावर 2,000 डॉलरच्या वर साठले की एसएसआय अडकतं, आणि इथे काका, पाद्रीनो (धर्मपिता) सगळे प्रेमाने रोख हातात देतात, ते एबल अकाउंटमध्ये, म्हणजे अपंग माणसासाठीच्या खास बचत खात्यात, जाऊ द्या, त्यातले 1,00,000 डॉलरपर्यंत एसएसआयसाठी धरत नाहीत. पोर्तो रिको या अमेरिकेच्याच बेटावरून आलेल्या कुटुंबांना हे मुद्दाम सांगा, कारण बेटावर राहणाऱ्यांना एसएसआय मिळतच नाही, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं, त्यामुळे न्यूयॉर्कला किंवा फ्लोरिडाला आल्यावर आपण अर्ज करू शकतो हे कित्येकांच्या डोक्यातच येत नाही.

इमिग्रेशनचा स्टेटस विचारू नका आणि चुकून कळला तरी फाइलमध्ये लिहू नका. शाळेचा हक्क सुप्रीम कोर्टाच्या 1982 च्या प्लायलर निकालापासून स्टेटसवर अवलंबून नाही, ऑटिझमसारखं अपंगत्व असलेल्यांना मदत करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या 21 रीजनल सेंटर्सची सेवाही राज्याच्या लँटरमन कायद्यात राज्यात राहण्यावर आहे, कागदांवर नाही. एसएसआयचं तसं नाही, तिथे नागरिकत्व किंवा ठराविक स्टेटस लागतो. ज्या घरात मुलगा नागरिक आणि आईवडील नाहीत तिथे भीती खरी असते, त्यांना "काही होणार नाही" असं तुम्ही सांगू नका, इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवा, फुकट सल्ला देणाऱ्या संस्था असतात.

18 च्या आसपास कोणीतरी आईला सांगतं की कोर्टात जाऊन कन्झर्व्हेटरशिप, म्हणजे मुलाचे निर्णय घ्यायचा हक्क, घ्या, बाकी राज्यांत त्याला गार्डियनशिप म्हणतात, नाहीतर डॉक्टर तुमच्याशी बोलणार नाही. डॉक्टरसाठी मुलाची सही असलेला माहिती द्यायचा फॉर्म बहुतेक वेळा पुरतो. आधी सपोर्टेड डिसिजन मेकिंग समजावून सांगा, टेक्सासने 2015 मध्ये याचा कायदा पहिल्यांदा केला, कॅलिफोर्नियात 2023 पासून आहे. त्यात निर्णय मुलाचाच राहतो आणि तो ठरवतो की पैशासाठी ताई, डॉक्टरसाठी आई, नोकरीसाठी मामा मदत करतील. लॅटिनो घर असंही असंच चालतं, टेबलाभोवती बसून. फक्त शेवटचा शब्द मुलाचा, हा भाग वडिलांना जड जातो, त्याला वेळ द्या.

नोकरीसाठी व्होकेशनल रिहॅबिलिटेशन या अपंगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या सरकारी सेवेला शाळेत असतानाच गाठा, 2014 च्या डब्ल्यूआयओए कायद्यामुळे शाळकरी वयातच नोकरीपूर्व ट्रेनिंग मिळतं. काकाचं टायरचं दुकान किंवा बागकामाची गाडी असेल तर नाक मुरडू नका, ओळखीचा माणूस, ठरलेला आवाज, ठरलेलं काम, सुरुवातीला याहून बरी जागा नसते, पण तास आणि पगार ठरवून घ्या, नाहीतर पोरगं वर्षानुवर्षं जेवणावर राबतं. मुलींच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. मुलाला नोकरी आणि मुलीला भाचरं सांभाळायला घरी, असं सहज होऊन जातं, आणि शरीराबद्दल, संबंधांबद्दल तिला कोणीच काही सांगितलेलं नसतं. हा विषय तुम्ही बाहेरून जाऊन काढू नका, प्रोमोतोराकडून जाऊ द्या.

प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, त्याच भाषेतली, थोडं ट्रेनिंग घेतलेली बाई, अनेकदा स्वतः ऑटिस्टिक मुलाची आई. संशोधक सँडी मगान्या यांच्या पॅरेंट्स टेकिंग ॲक्शन कार्यक्रमात अशाच बायका घरी जाऊन शिकवतात. तरुण मुलांसाठी विस्कॉन्सिनचा ट्रान्झिशनिंग टुगेदर हा आईवडील आणि मुलं दोघांसाठीचा ग्रुप होता, तो लॅटिनो कुटुंबांसाठी हुंतोस एन ला ट्रान्सिसिओन म्हणून नव्याने बसवला. लॉस एंजेलिसकडे असाल तर फिएस्ता एदुकातिवा 1978 पासून स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांबरोबर आहे, आणि प्रत्येक राज्यात आईवडिलांसाठी फुकट माहिती केंद्र असतं. तुमच्या दहा भेटींनी जे होत नाही ते दुसऱ्या आईच्या एका फोनने होतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

पोलिसांचा विषय टाळू नका. 2016 मध्ये नॉर्थ मायामीत एक ऑटिस्टिक लॅटिनो तरुण हातात खेळण्यातला ट्रक घेऊन रस्त्यात बसला होता, पोलिसांना ते हत्यार वाटलं आणि गोळी त्याच्या शेजारी हात वर करून झोपलेल्या केअरगिव्हरला लागली. ओळखपत्र कुठल्या खिशात, हात कुठे ठेवायचे, कुठलं एक वाक्य बोलायचं, हे मोठ्या भावाबरोबर रस्त्यावर उभं राहून करून बघा, आणि खिशात पटकन हात घालायचा नाही हे वेगळं शिकवा.

शेवटी बहीण. बहुतेक घरांत न बोलता ठरलेलं असतं की आमच्यामागे हीच बघेल. तिला आईसमोर विचारू नका आणि "तू सांभाळशील ना" असं तर नाहीच, वेगळा फोन करा आणि विचारा की यातलं काय तुला जमेल आणि काय नाही. मी एकदा एका मुलाच्या बहिणीला विचारलं तेव्हा ती आधी बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली की पैशांचे आणि ऑफिसचे कागद मी आयुष्यभर करेन, पण तो माझ्याबरोबर राहू शकणार नाही. तिने ते आईला स्वतः सांगावं म्हणून आम्ही तिघी बसलो. आई रडल्या. मग त्यांनी फोन उचलून स्वतःच्या बहिणीला लावला, आणि त्या रविवारपासून त्याच्या मावसभावाने रविवार घेतले.