मेटामटेरियल अ‍ॅब्सॉर्बर डिझाइन करताय? या चुका टाळा

मेटामटेरियल अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धातूचे छोटे पॅच ओळीने मांडून येणारी रेडिओ वेव्ह जिरवणारा पातळ थर. एस११ (किती वेव्ह परत आली याचं माप) चा ग्राफ १० गिगाहर्ट्झला उणे २८ डीबीपर्यंत खाली गेला की वाटतं झालं काम, ९९ टक्क्यांच्या वर अ‍ॅब्सॉर्प्शन! जरा थांबा. त्या ग्राफवरून एवढंच कळतं की ज्या पोलरायझेशनची (फील्डच्या कंपनाच्या दिशेची) वेव्ह पाठवली त्या पोलरायझेशनमध्ये ती परत आली नाही. ऊर्जा खरंच जिरली की दुसरीकडून निसटली, हे आधी शोधा.

माझ्या एका डिझाइनचं नेमकं हेच झालं. सेलमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका चौकटीत) एल आकाराचा पॅच होता, सिम्युलेशन मस्त आलं, बोर्ड बनवून मोजला तर तिथेही तोच डिप (ग्राफमधला खड्डा), मी खूश. मग रिसीव्हिंग हॉर्न (अँटेना) ९० अंशात फिरवून बघितला तर जवळजवळ सगळी पॉवर तिथे हजर! ऊर्जा जिरलीच नव्हती, पोलरायझेशन फिरवून परत येत होती. त्यामुळे फ्लोके पोर्टवर (सिम्युलेशनमध्ये वेव्ह जिथून सोडतो आणि मोजतो तिथे) टीई आणि टीएम हे दोन्ही मोड, म्हणजे एकमेकांना काटकोनातली पोलरायझेशन्स, घ्या, १ मधून को-पोल (पाठवलेल्याच पोलरायझेशनच्या) आणि क्रॉस-पोल (त्याला काटकोनातल्या) दोन्ही रिफ्लेक्शनचे वर्ग वजा करा, मागे सलग कॉपर नसेल तर ट्रान्समिशनचेही. शिवाय मेटल आणि डायइलेक्ट्रिकमधला पॉवर लॉस वेगवेगळा काढून बेरीज करा, ती या आकड्याशी जुळलीच पाहिजे.

डिप उथळ येतोय? बरेच जण लगेच जास्त लॉसचा सब्स्ट्रेट (पॅचखालचा डायइलेक्ट्रिक थर) शोधायला लागतात, पण लॉस वाढवला की अ‍ॅब्सॉर्प्शन वाढतंच असं नाही. रेझोनेटरमधून (म्हणजे पॅचच्या रचनेतून) बाहेर परत जाणारी ऊर्जा आणि आत जिरणारी ऊर्जा समसमान झाली की डिप सर्वात खोल जातो. स्मिथ चार्ट (रिफ्लेक्शन वर्तुळाकार आलेखावर दाखवणारा तक्ता) उघडा. रेझोनन्सचं वर्तुळ मध्यबिंदूला वेढा घालत असेल तर लॉस कमी पडतोय, सब्स्ट्रेट थोडा पातळ करून बघा. वेढत नसेल तर उलट करा.

बोर्डावर डिप सरकला तर आधी एफआर४ (सर्किट बोर्डचं नेहमीचं मटेरियल) कडे बघा. त्याची परमिटिव्हिटी (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) ४.३ धरली आणि प्रत्यक्षात ४.५ निघाली तर १० गिगाहर्ट्झचा डिप साधारण २०० मेगाहर्ट्झ खाली येतो, आणि अरुंद बँड असेल तर खेळ खल्लास.

बँडविड्थची हाव तर नकोच. रोझानोव्ह या संशोधकाने २००० साली मर्यादा दाखवून दिली आहे: मागे मेटल असलेल्या, नॉन-मॅग्नेटिक अ‍ॅब्सॉर्बरला उणे १० डीबीसाठी वेव्हलेंग्थची रेंज जाडीच्या साधारण १७ पटच मिळते. म्हणजे २ ते १८ गिगाहर्ट्झ सलग हवं असेल तर जाडी किमान ७.८ मिलिमीटरच्या आसपास लागणारच, ३ मिलिमीटरमध्ये बसवायला पॅचचे आकार बदलत महिने घालवू नका.

मोजताना रेफरन्स मेटल प्लेट सॅम्पलच्याच मापाची घ्या आणि त्याच जागी ठेवा. २० सेंटिमीटरच्या सॅम्पलला १० गिगाहर्ट्झवर फार फील्ड (जिथे वेव्ह जवळजवळ सपाट होते ते अंतर) साधारण २.७ मीटरवर सुरू होतं, तेवढी जागा नसेल तर हॉर्नसोबत लेन्स वापरा.