गंजून धरलेलं सस्पेन्शन घरच्या घरी कसं सोडवावं

कोकणात गाडी पंधरा-सोळा वर्षं वापरली की पुढच्या चाकामागचे सगळे नट एकाच रंगाचे दिसायला लागतात, विटकरी. खारा वारा बारा महिने असतो, त्यात रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लाल चिखल लोअर आर्मवर, म्हणजे चाकाला खालून चासीशी जोडणाऱ्या दांड्यावर, बसून मीठ आणि ओल धरून ठेवतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतं. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ते फुगलं की नट धरतो.

आमच्या २००६ च्या अल्टोचे पुढचे शॉकअप आणि दोन्ही लोअर आर्म मी घरासमोरच्या खळ्यात काढले. डावीकडे घाई केली. चासीला आतून वेल्ड केलेला नट सुटला आणि बोल्टाबरोबर नुसता फिरत राहिला. त्या एका नटापायी दोन दिवस गेले, शेवटी वेल्डरला बोलवावं लागलं. उजवीकडे एकही बोल्ट तुटला नाही. हात तेच होते, पाने तेच होते. फक्त उजवीकडे जोर लावण्याआधी बोल्ट नेमका कुठे धरलाय ते मी शोधत होतो.

तीन दिवस आधी

नवे लोअर आर्म, बोल्ट, नट, स्प्लिट पिना आधीच आणून ठेवा. नवा भाग हाताशी असला की जुना कापायची वेळ आली तरी जीव खालवर होत नाही.

मग तारेचा ब्रश घ्या. नटाच्या बाहेर आलेले आटे लख्ख होईपर्यंत घासा, कारण नट त्याच आट्यांवरून बाहेर यायचा आहे. चांगला सुटलेला नट तिथल्या चिखला-गंजात पुन्हा अडकतो आणि बोल्ट तुटतो.

त्यानंतर सलग तीन संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. थोडंच मारा, पण नेमकं सांध्यावर. मारल्यावर हातोडीने बोल्टच्या डोक्यावर आठ-दहा हलके ठोके द्या, म्हणजे गंजाच्या थराला तडे जाऊन तेल आत शिरतं. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळूनही काम होतं. ते वेगळं होतं म्हणून दर वेळी बाटली हलवा आणि विस्तवाजवळ नेऊ नका. ब्रेकच्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा. तिथे तेल गेलं तर ब्रेक लागणार नाहीत.

गाडी उचलताना

सपाट, कडक जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मग जॅक लावा आणि लगेच गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी जॅक स्टँडवर, टेकवा. आपल्याकडे घोडीऐवजी जांभ्याचा चिरा लावायची सवय आहे. ती कृपा करून सोडा. चिरा भरीव दिसतो, पण वजन एका जागी आलं की एकदम फुटतो. आणि तुम्ही घालणार असलेला जोर उभ्या गाडीला हलवणारा असतो. खाली शिरण्याआधी गाडी हाताने ढकलून पाहा.

बोल्ट काय सांगतो ते ऐका

बारा कोनांची गोटी (सॉकेट) बाजूला ठेवा. गंजलेल्या डोक्याला सहा कोनांचीच गोटी हवी, पूर्ण खोल बसवलेली, नाहीतर कोन झिजून डोकं गोल होतं. लांब दांडा लावा आणि पहिली हालचाल घट्ट करण्याच्या दिशेने द्या, अगदी किंचित. गंजाची पकड तिथेच मोडते. मग सैल करा. अर्धा आटा मागे, पाव आटा पुढे, थोडं तेल, पुन्हा अर्धा आटा मागे.

बोल्ट कुरकुरत असेल तर काम ठीक चाललंय. आवाज बंद झाला, पाना मऊ लागायला लागला आणि डोकं फिरूनही पलीकडचं टोक हलत नसेल, तर बोल्ट पिळला जातोय. तिथे थांबा. आणखी पाव फेरीत तो तुटेल.

शॉकअपला चाकाच्या नकलशी, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या ओतीव लोखंडी भागाशी, जोडणारे दोन बोल्ट बहुधा सोपे जातात. काढण्याआधी शॉकअपची नकलवरची जागा खडूने नव्हे, पत्र्यावर ओरखडा मारून खुणावा. शॉकअपच्या वरच्या टोकाचा मधला नट मात्र अजिबात उघडू नका. त्याखाली स्प्रिंग दाबलेली असते आणि स्प्रिंग कंप्रेसरशिवाय उघडली तर जीव जाऊ शकतो.

टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारं टोक, गंजाने नव्हे, निमुळत्या खुंटीच्या पकडीने अडकतो. तेल ओतून उपयोग नाही. स्प्लिट पिन काढा, नट दोन आट्यांवर राहू द्या. नकलच्या कानाला एका बाजूने जड हातोडी टेकवून धरा आणि समोरून दुसरीने एक खणखणीत घाव घाला. दोन-तीन घावांत ठक्क आवाज येतो आणि खुंटी खाली पडते.

लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे त्याच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, नकलमध्ये आडव्या बोल्टाने आवळलेला असतो. इथे आटे सुटतात, पण बोल्टचं अंग भोकात धरतं. नट काढल्याबरोबर टोकावर हातोडा घालू नका, टोक पसरतं. बोल्ट आधी डोक्याकडून फिरवा. तो जागच्या जागी फिरायला लागला की पितळेच्या दांड्याने हलकेच ठोका. बोल्ट निघाला की नकलची फट छिन्नीने जराशी उघडा आणि आर्म पहारीने खाली दाबा. दोन्ही बाजूंचे आर्म जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचं टोक आर्ममध्ये असेल तर तो नट त्याआधीच काढलेला हवा.

सगळ्यात दगा देतो तो आर्मच्या चासीकडच्या बुशचा बोल्ट. बुशच्या रबरात लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातच गंजून एकजीव होतो. तुम्ही पाना ओढता, बोल्ट वीसेक अंश फिरतो, सोडलात की हळूच मागे येतो. मी डावीकडे हे बघितलं आणि सुटतोय असं समजून जोर वाढवला. खरं तर रबर पीळ खात होतं. असा परत येणारा बोल्ट दिसला की पाना खाली ठेवा. बुश आणि चासीचा कान यांच्यामधून हॅक्सॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंना कापा आणि आर्म बाहेर काढा. आता चासीतल्या नटात फक्त आट्यांचा तुकडा उरतो, त्याला तेल आणि ऊब दोन्ही देता येतात.

ऊब द्यायची ती नटाला, बोल्टला नव्हे, म्हणजे नट प्रसरण पावून सैल होतो. गॅस टॉर्चने नट मंद लाल करा, किंचित निवू द्या आणि मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. त्याआधी तेल पुसून घ्या, ब्रेकचा होज आणि पेट्रोलची लाइन कुठून जाते ते बोटाने चाचपून बघा, कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा. शॉकअपच्या नळीला ज्योत लावू नका, आत दाबाखालचा वायू असतो. ब्रेक क्लीनर मारलेला भागही तापवू नका, काही क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात. तापवलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही.

बसवताना

भोकं ब्रशने साफ करा, बोल्टच्या अंगाला कॉपर ग्रीस लावा, स्प्लिट पिना नव्याच घाला. बुशचे बोल्ट आधी हातापुरतेच आवळा. चाक लावून गाडी जमिनीवर घ्या, बोनेटवर दोनदा दाब देऊन बसू द्या आणि मग ते शेवटचे घट्ट करा. लटकत्या आर्मवर आवळले तर नव्या बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. लगेच चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावून बघा.