सेवेच्या धावपळीत एकांत आणि लेखन-गायन सुटतंय? या चुका टाळा

नाशिकच्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) एखादं माणूस असं असतंच, ज्याच्या वाट्याला सगळं येतं. रविवारी शब्बाथ शाळा म्हणजे मुलांचा बायबलवर्ग, मग उपासनेत पेटी, आठवड्यात घरगुती प्रार्थना, शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस. मध्येच कुणाकडे आजारपण, कुणाकडे लग्न. सातपूर-अंबडची शिफ्ट नाहीतर शाळेतली नोकरी आहेच. या माणसाला पूर्वी कविता सुचायच्या, चाली सुचायच्या. आता प्रार्थनेला बसलं तरी मन उद्याच्या कामांची यादी करत राहतं. हा आळस नाही, आणि विश्वास कमी झाल्याचं लक्षणही नाही. बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादी चूक होत असते.

कामं आटोपल्यावर बसू म्हणणं

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय नीट वाचा. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सगळं गाव दाराशी लोटलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच येशू उठून एकांत ठिकाणी प्रार्थनेला गेला. शिमोन हा शिष्य शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. त्यावर येशू त्या गर्दीकडे परतला नाही, आसपासच्या गावांत निघाला. म्हणजे बाहेर माणसं वाट पाहत असतानाच तो उठून गेला होता. आपण मात्र कामं संपायची वाट बघतो, आणि मंडळीची कामं संपत नसतात.

उपाय सोपा आहे, अंमल कठीण. महिन्याचं नियोजन करताना आपला एकांत आधी लिहा, सेवा नंतर. एक जबाबदारी सोडा, आणि ती कोणाला देणार हे पाळकांशी (पास्टरांशी) बोलून ठरवा. नुसतं “जमत नाही” म्हटलं की गैरसमज होतात. “जूनपासून पेटी धाकट्या मुलांपैकी कुणी वाजवेल, दोन महिने मी शिकवते” असं म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही, आणि पेटीला वारसही मिळतो.

सुचलेलं सगळं कार्यक्रमाला जुंपणं

मला ही सगळ्यात घातक चूक वाटते, कारण ती भक्तीसारखी दिसते. दोन ओळी सुचल्या की लगेच विचार येतो, नाताळला बसवता येईल का? चौथी ओळ व्हायच्या आत त्या क्वायरच्या ग्रुपवर गेलेल्या असतात. मग आपण फक्त मंडळीत शोभेल असंच लिहायला लागतो. दुःख, राग, देवाशी भांडण, सगळं गाळून टाकतो, आणि उरतं ते शंभर वेळा ऐकलेलं गाणं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत असं गाळलेलं नाही. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं.

लक्ष्मीबाई टिळक आपल्याच परिसरातल्या. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या, लिहाय-वाचायला लग्नानंतर शिकल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. त्यात वडिलांचं सोवळं आहे, नवऱ्याशी, म्हणजे कवी ना. वा. टिळकांशी, झालेले खटके आहेत, टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षांची ताटातूट आहे. कुठल्याही सभेने मागितलं नसतं असंच बहुतेक सगळं. त्याच बाईंनी टिळकांचं येशूच्या जीवनावरचं अपुरं राहिलेलं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ही पूर्ण केलं. मनातलं खरं लिहिलं म्हणून सेवा बुडाली, असं काही झालं नाही.

म्हणून दोन वह्या करा. एक मंडळीची, एक आपली. आपल्या वहीतलं निदान महिनाभर कुणालाही दाखवायचं नाही, पाळकांनाही नाही. सुरुवात कशी करावी हे कळत नसेल तर अभंग घ्या. टिळकांमुळे तो आपल्या मंडळ्यांत रुळलेला आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. उदाहरणार्थ:

भांडी घासताना / तुझी हाक येते /
मन उभे होते / दारापाशी

बोटांवर अक्षरं मोजत असं एक कडवं करायला वीसेक मिनिटं लागतात. त्या दिवशीच्या शास्त्रपाठातलं जे टोचलं, नेमकं त्यावरच लिहा. मोजण्यात मन गुंतलं की उद्याची यादी आपोआप मागे पडते. आणि ही चैन आहे असं कुणी म्हणालं तर बायबलमधल्या निर्गमचा 31वा अध्याय काढा. तिथे बसालेल या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरलं, ते सोन्या-रुप्याचं, लाकडाचं काम करण्यासाठी.

घरात जागा नाही म्हणून सोडून देणं

खोलीत जाऊन दार लाव, असं प्रभू म्हणतो. सिडकोतल्या दोन खोल्यांत पाच माणसं राहत असतील तर कुठलं दार लावणार? अडचण खरी आहे. पहाटेची गच्ची चालते. आठवड्यात चर्च रिकामं असतं, तिथे अर्धा तास बसू द्याल का असं विचारा. सार्वजनिक वाचनालय 1840 सालापासून नाशिककरांना बसायला जागा देतं आहे, तिथे वही घेऊन बसता येतं. गंगापूर धरणाकडे किंवा सोमेश्वरला जायचं तर रविवार टाळा, गर्दीत काही हाती लागत नाही. बायकांनी एकटीने सुनसान काठावर जाण्यापेक्षा चर्चचा बाक बरा.

मोबाइलवर मनन

वचन उघडायचं आणि वरून “आजची उपवास प्रार्थना कोणाकडे?” असा मेसेज टपकायचा. छापील बायबल घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

घरच्यांच्या नकळत वेळ चोरणं

चोरलेल्या वेळेत जीव अर्धा बाहेर असतो. कुकरची शिट्टी झाली की उठावंच लागतं. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात राहिली आणि मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकतो, पण त्या दिवशी स्वयंपाक अखेर कोणी केला हे कुणी विचारत नाही. घरात ते विचारावंच लागतं. नवऱ्याला स्पष्ट सांगा, “अहो, गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ मी उठणार नाही, पोळ्या तुम्ही बघा.” सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. बदल्यात त्यांचाही एक तास सांभाळा. तुमच्याप्रमाणे त्यांनाही तो हवा असतो, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

पहिल्याच दिवशी काही घडावं अशी अपेक्षा

खूप दिवसांनी शांत बसलं की बहुधा झोप येते, नाहीतर रडू येतं. दोन्हींत बिघडलेलं काही नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली झोपी गेला तेव्हा देवदूताने त्याला रागावलं नाही. दोनदा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगर आणि तिथे ऐकलेली देवाची ती मंद वाणी त्यानंतरची. झोप आली तर झोपा, पुढच्या गुरुवारी परत बसा. तीन-चार वेळा नुसतं बसून उठलात तरी वेळ बदलू नका. मात्र झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, कशातच मन रमत नसेल, तर त्याला आत्मिक कोरडेपणा म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, पाळकांनाही सांगा, आणि तोवर क्वायरची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या.