आठवड्याचं राशिभविष्य वाचताना या चुका टाळा

रविवारची पुरवणी घरात आली की अनेकांचा हात आधी भविष्याच्या पानाकडे जातो. सोमवारी सकाळच्या लोकलमध्ये तेच भविष्य मोबाइलवर पुन्हा वाचलं जातं. ‘प्रवास टाळा’, ‘आर्थिक व्यवहार जपून करा’, ‘वरिष्ठांशी मतभेद’ एवढ्या चार शब्दांवर कुणी गावचं तिकीट रद्द करतं, कुणी रजेचा अर्ज खिशातच ठेवतं. ग्रहांचा माणसाच्या आठवड्यावर परिणाम होतो की नाही, यावर ज्याचं मत त्याच्यापाशी. मला खटकतं ते वेगळंच. बहुतेक लोक भविष्य वाचतात ते चुकीच्या राशीचं, चुकीच्या मुदतीचं, आणि त्यावरून जिवाला घोर लावून घेतात. ज्या ज्योतिषाच्या नावाने ते छापलं जातं, त्याचेच नियम नीट लावले तर यातली बरीचशी भीती उरतच नाही.

पहिला घोळ राशीचा. बोरिवलीतली एखादी मुलगी घ्या, जन्म ५ एप्रिलचा. मोबाइलवरचं इंग्रजी ॲप तिला मेष सांगतं, कारण पाश्चात्त्य पद्धतीत रवी ज्या राशीत ती आपली रास, आणि तिथली मेष २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. आपल्याकडच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने राशी मोजणाऱ्या गणितात त्याच दिवशी रवी अजून मीनेत असतो, मेषेत जातो तो १४ एप्रिलच्या आसपास. शिवाय आपल्याकडे रास म्हणजे जन्माच्या वेळी चंद्र जिथे होता ती. पत्रिकेत तिची रास वृश्चिक निघते. आणि घरी हाक मारायचं नाव ‘सा’वरून म्हणून आजी तिचं भविष्य कुंभेत शोधते. एकाच मुलीला तीन राशी आणि तीन वेगवेगळे आठवडे! त्यातला जो वाईट असेल तोच मनात राहतो.

मराठी वर्तमानपत्रातलं किंवा पंचांगातलं भविष्य जन्मराशीवरून, म्हणजे चंद्रराशीवरून वाचायचं. पत्रिका नसेल, जन्मवेळ ठाऊक नसेल, तरच नावरास धरायची. इंग्रजी ॲपचं भविष्य वाचायचंच असेल तर त्यांच्या राशीने वाचा, पण दोन्हींची बेरीज करू नका. दोन पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. म्हणूनच त्यांचा रवी २१-२२ डिसेंबरला मकरेत जातो आणि आपली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते.

कोकणातून मुंबईत आलेल्या काही घरांत टिळक पंचांग चालतं. त्यांची संक्रांत १० जानेवारीला असते, कारण त्यांचं अयनांश, म्हणजे वर सांगितलेलं दोन पद्धतींतलं अंतर, वेगळं आहे, साधारण चार अंशांनी. चंद्राच्या राशिबदलात त्यामुळे सात-एक तासांचा फरक पडतो. दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून ‘कुठलं खरं?’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. घरात जे चालतं तेच शेवटपर्यंत धरा.

आठवड्यात हलतं कोण, हे आधी बघा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो. राहू-केतू दीड वर्ष, गुरू साधारण वर्षभर, मंगळ दीड महिना, रवी एक महिना, शुक्र आणि बुध तीन-चार आठवडे. चंद्र मात्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो. म्हणजे सोमवार ते रविवार या सात दिवसांत आकाशात खऱ्या अर्थाने जागा बदलतो तो चंद्रच, तीन-चार राशींतून. बाकीच्यांपैकी एखादा त्या आठवड्यात राशी बदलत असेल तर ती बातमी. नाहीतर मागच्या आठवड्यात जे होतं तेच.

आता उदाहरण. शनी २९ मार्च २०२५ ला मीन राशीत आला. तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती, आणि सिंहेला आठवा शनी, कारण सिंहेपासून मोजत गेलं की मीन आठवी. तो जून २०२७ पर्यंत मीनेतच आहे. तरीही सिंहेच्या माणसाला दर रविवारी ‘शनीमुळे आठवडा कठीण’ असं वाचायला मिळतं आणि तो दर सोमवारी नव्याने धास्तावतो. यात त्या आठवड्याचं असं काहीच नाही. शंभराहून जास्त आठवडे हेच वाक्य छापता येईल. वाचताना प्रत्येक वाक्यामागचा ग्रह शोधा. शनी, गुरू, राहू, केतू यांच्या नावाने जे लिहिलंय त्याच्यासमोर मनात ‘जुनं’ अशी खूण करा. चंद्राच्या नावाने जे आहे तेवढंच या आठवड्याचं.

चंद्राचं गणित घरच्या घरी करता येतं. आपल्या राशीपासून मोजायला लागायचं, आपली रास पहिली. परंपरेने पहिला, तिसरा, सहावा, सातवा, दहावा आणि अकरावा चंद्र चांगला मानतात. चौथा, आठवा, बारावा नको म्हणतात, त्यातही आठवा. सिंहेची व्यक्ती घ्या आणि आठवडा असा धरा की रविवारी चंद्र मकरेत आहे. मकर सिंहेपासून सहावी, म्हणजे दिवस बरा. सोमवारी दुपारी चंद्र कुंभेत गेला, सातवा, तेही चांगलं. बुधवारी संध्याकाळी मीनेत, इथे आठवा लागला. शुक्रवारी रात्री मेषेत गेला की सुटला. म्हणजे भविष्यात जरी ‘हा आठवडा प्रतिकूल’ असं एका ओळीत उरकलेलं असलं, तरी त्याच शास्त्राप्रमाणे जपायचे दिवस सव्वादोन. बुधवारी सकाळी असलेल्या मुलाखतीला घाबरायचं कारणच नाही. लिहिणाऱ्याला बारा राशी एका पानात बसवायच्या असतात, त्याने काटछाट करणं साहजिक आहे. पण आपल्याला तर एकच रास बघायची असते!

चंद्र खरोखर कुठे आहे हे गॅलरीतूनही ताडून बघता येतं. तो रोहिणीजवळ दिसला तर वृषभेत, मघेजवळ दिसला तर सिंहेत, ज्येष्ठेजवळ दिसला तर वृश्चिकेत. तारे ओळखता येत नसतील तर मुलांना घेऊन वरळीच्या नेहरू तारांगणात एक खेळ बघून या. एकदा ग्रह डोळ्यांनी ओळखायला लागलं की त्यांच्या नावाने कुणी उगाच घाबरवू शकत नाही, असा माझा ठाम विश्वास आहे.

पंचांगातली वेळ आणि राहुकाळ

काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २५, २६ अशी पुढे मोजलेली असते. मंगळवारच्या रकान्यात २६.१० असेल तर ती मंगळवारची मध्यरात्र उलटल्यावरची २.१० ची वेळ. घड्याळाने तेव्हा बुधवार लागलेला असतो, पण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. हे ठाऊक नसलं की चंद्र एक दिवस आधीच बदलला असं वाटतं आणि सगळी मोजदाद सरकते.

राहुकाळाचं, म्हणजे रोज अशुभ म्हणून टाळल्या जाणाऱ्या दीडेक तासाचं, तर विचारूच नका. सोमवारी ७.३० ते ९ हे अनेकांना पाठ असतं. ते सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून केलेलं ढोबळ कोष्टक आहे. मूळ रीत अशी की सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग करायचे आणि सोमवारी त्यातला दुसरा घ्यायचा. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि ६.२० च्या आसपास मावळतो. दिवस ११ तास ५ मिनिटांचा, एक भाग ८३ मिनिटांचा. म्हणजे सोमवारचा राहुकाळ ८.३८ ते १०.०१. जो माणूस ९ वाजेपर्यंत खोळंबून मग घराबाहेर पडला, तो स्वतःच्याच नियमाने राहुकाळातच निघाला! त्यात ८.०५ ची लोकल गेली, लेट मार्क लागला. जूनमध्ये सूर्योदय सहाचा आणि सूर्यास्त सव्वासातनंतरचा, तेव्हा हाच राहुकाळ ७.४० ते ९.२० च्या आसपास येतो. पाळायचा असेल तर मुंबईच्या सूर्योदयावरून पाळा. नागपूरचा सूर्योदय आपल्याआधी होतो, तिथून आलेला फॉरवर्ड मेसेज इथे चालत नाही.

वक्री म्हणजे वाईट नव्हे

बुध वक्री झाला, म्हणजे आकाशात उलटा जाताना दिसायला लागला, की मोबाइल बिघडतो, करार फिसकटतात, ही भीती अलीकडे इंग्रजी ॲपमधून आपल्याकडे आली आहे. बुध वर्षातून साधारण तीनदा, प्रत्येक वेळी तीन-एक आठवडे वक्री असतो. दर वर्षी एवढे आठवडे सह्या न करता मुंबईत कुणाचं भागणार? ग्रह खरंच उलटा फिरत नाही. फास्ट लोकल स्लो लोकलला मागे टाकते तेव्हा आतून बघणाऱ्याला स्लो गाडी मागे सरकल्यासारखी दिसते, मंगळ-गुरू-शनीचं तसंच होतं. बुध-शुक्राच्या वेळी ते आपल्याला मागे टाकतात, एवढाच फरक. आपल्या परंपरेत वक्री ग्रहाला बलवान मानणारेही आहेत. राहू-केतू तर कायम वक्रीच, आणि रवी-चंद्र कधीच नाहीत.

पैसा आणि दवाखाना

साप्ताहिक भविष्यावरून कुणी खडा घ्यायला सांगत असेल तर तिथेच थांबा. चंद्र सव्वादोन दिवसांत सरकतो आणि नीलम बोटात वर्षानुवर्षं राहतो, या दोन मुदतींचा मेळ कुठे बसतो? ज्योतिषी मंडळीही गोचर, म्हणजे ग्रहांचं सध्याचं भ्रमण, एकट्याने बघत नाहीत, महादशा-अंतर्दशा, म्हणजे पत्रिकेवरून ठरणारे एकेका ग्रहाचे मोठे-छोटे कालखंड, बघतात. शुक्राची महादशा २० वर्षांची, शनीची १९, रवीची ६. राज्यातल्या सगळ्या सिंहवाल्यांना एकाच ओळीत सांगितलेलं भविष्य त्या हिशेबात धरलेलंच नसतं.

डॉक्टरांनी दिलेली शस्त्रक्रियेची तारीख भविष्य वाचून पुढे ढकलू नका, हे मी हात जोडून सांगते. तेच गृहकर्जाच्या हप्त्याचं, तेच शेअर्सचं. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांकडून पत्रिकांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या ओळखायच्या होत्या. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या, सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून यावीत तेवढीच. श्रद्धा ठेवणाऱ्यानेही हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा आणि जिथे जीव किंवा आयुष्यभराची पुंजी पणाला लागते तिथे भविष्याचं पान मिटून ठेवावं.

पत्रिकाच चुकीची असेल तर

एवढं करूनही घरातल्या वयस्कर माणसाची पत्रिका सॉफ्टवेअरमध्ये वेगळी निघत असेल, तर जन्मवेळ तपासा. देशात स्टँडर्ड टाइम १९०६ ला लागू झाला, पण मुंबई शहरात ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइम १९५५ पर्यंत चालू होता. गिरगावात किंवा परळला त्याआधी जन्मलेल्यांच्या जुन्या कागदावर ७.१० लिहिलं असेल, तर ते कुठल्या घड्याळाचं हे आधी शोधा. मुंबई टाइम असेल तर ३९ मिनिटं मिळवून ७.४९ भरा. त्यात चंद्र अंशाचा तिसरा हिस्साच सरकतो, म्हणून तो राशीच्या अगदी टोकाला नसेल तर जन्मरास तीच राहते. लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, मात्र दर दोन तासांनी बदलते, ती सहज बदलू शकते. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात स्टँडर्ड टाइमही एक तास पुढे केलेला होता. त्या वर्षांतला जन्म असेल तर दोन्ही शक्यतांनी पत्रिका काढून बघा, आणि लग्नाची तारीख, पहिलं मूल, वडिलांचं निधन अशा ठाऊक असलेल्या घटनांशी जोडून कुठली जुळते ते जाणकाराला विचारा.