स्वोर्डफिशच्या तारा ताणायच्या कशा?

स्वोर्डफिश विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलला तारा लावायचं काम नागपुरात मे महिन्यात काढायचंच असेल तर पहाटे पाचला बसा. कूलर लावला की मेणबत्ती फडफडते, बंद केला की घाम थेट विमानावर.

स्वोर्डफिश म्हणजे ब्रिटिश नौदलाचं दुपंखी, टॉर्पेडो (पाणतीर) टाकणारं विमान. धातूचा सांगाडा, वर कापड. १९३६ साली सेवेत आलं तेव्हाच जुनाट दिसत होतं. तरी २६ मे १९४१ च्या संध्याकाळी विमानवाहू जहाज ‘आर्क रॉयल’वरून उडालेल्या स्वोर्डफिशच्या एका टॉर्पेडोनं जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’चं सुकाणू अडकवलं. दोन्ही पंख एकमेकांना धरून ठेवतात त्या तारा. त्यांच्याशिवाय हे मॉडेल म्हणजे तर्रीशिवाय पोहे.

आपलं मॉडेल एकास बहात्तर, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, पंख जेमतेम १९ सेंटीमीटर. पंख सुटे असतानाच रंगवा आणि तारांची भोकंही तेव्हाच पाडा. पहिल्या खेपेला मी भोकं विसरलो. मग जोडलेल्या पंखांत ड्रिल घालताना पंखांमधले दोन खांब मोडले. वरचा पंख बसवला की खाली काडेपेट्या लावून रात्रभर हात लावू नका.

तारेसाठी दोरा नको, त्याची लव दिसते. सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला असतात, तिचा वीतभर तुकडा घ्या. मेणबत्तीच्या ज्योतीत घालू नका, दोन बोटं वर धरून फिरवा. मधोमध चमकून लवला की बाजूला घ्या, क्षणभर थांबा आणि दोन्ही हातांनी ओढा. झटक्यात ओढला तर केसाइतका बारीक होतो. पहिले पाच-सहा वाया जातीलच.

भोकांमधलं अंतर कर्कटकानं मोजा, तेवढी तार कापा, टोकांना फेव्हिकॉलचा टिपका लावून बसवा. आधी आतल्या तारा, मग बाहेरच्या. थोड्या ढिल्या राहिल्या तरी चालेल. फेव्हिकॉल पक्कं वाळल्यावर पेटती उदबत्ती तारेजवळ न्या, टेकवू नका. तार डोळ्यांदेखत ताठ होते. जरा जास्त जवळ गेलात तर तुटते.

आमच्या घरात यावरून, “देवाची उदबत्ती आता विमानाले ओवाळता का?” असं ऐकावं लागलं. तेव्हापासून माझा पुडा वेगळा.

टॉर्पेडो सगळ्यात शेवटी. चाकांच्या दोन पायांमध्ये आडवा दांडा नाही, कारण ती जागा टॉर्पेडोची. आधी लावलात तर पोटाखालच्या तारांपर्यंत उदबत्ती पोचत नाही.