मुंग्यांना गूळ आवडतो, हे तुम्हांला कसे कळले? मुलांच्या प्रयोगांतील या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. तालुका विज्ञान प्रदर्शन जवळ आले, की प्राण्यांच्या वर्तनावरील तेच प्रयोग त्याच चुकांसह दर वर्षी माझ्या टेबलावर येतात. या चुका बहुतेक वेळा मुलांच्या नसतात. मुलांना निष्कर्षाकडे ढकलणाऱ्या आम्हा मोठ्यांच्या असतात. त्यामुळे पहिला दाखला माझाच देतो.

सातवीतील दोन मुलींनी ‘मुंग्यांना गूळ आवडतो की साखर’ हा विषय घेतला. व्हरांड्यात हातभर अंतरावर दोन कागदी द्रोण ठेवले, एकात गूळ आणि दुसऱ्यात साखर. वीस मिनिटांनी मोजले, तेव्हा गुळावर ४६ मुंग्या होत्या आणि साखरेवर ३. मी खूश झालो, मुलींनी रंगीत स्तंभालेख काढला आणि आम्ही प्रदर्शनाला गेलो. तिथे परीक्षकांनी शांतपणे विचारले, “दोन्ही द्रोणांत साखरच ठेवली असती, तर किती मुंग्या कुठे आल्या असत्या?” मुलींनी माझ्याकडे पाहिले आणि मी तक्त्याकडे.

परतल्यावर आम्ही तेच केले. दोन्ही द्रोणांत साखर ठेवली, तरी खांबाजवळच्या द्रोणावर ३८ मुंग्या जमल्या आणि दुसऱ्यावर ५. आधीच्या वेळी गूळ खांबाजवळच होता. अन्न सापडलेली मुंगी वारुळाकडे परतताना जमिनीवर गंधाची रेघ सोडते, मागून येणाऱ्या मुंग्या त्या रेघेवरून जातात आणि ती आणखी गडद करतात. म्हणजे ज्या द्रोणाला पहिल्या दोन-चार मुंग्या आधी लागल्या, तिथे पुढे गर्दीच होते. बेल्जियममधील जाँ-लुई देनेबूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वारुळातून बाहेरच्या मोकळ्या जागेकडे जायला अगदी सारख्या लांबीचे दोन पूल होते, तरी काही वेळाने बहुतेक मुंग्या एकाच पुलावरून जाऊ लागल्या. आम्ही मोजलेल्या ४६ मुंग्या ही ४६ स्वतंत्र मते नव्हती.

तेव्हापासून माझ्या वर्गात मुंग्यांचा कोणताही प्रयोग दोन्ही द्रोणांत एकच पदार्थ ठेवून सुरू होतो. त्यानंतर पदार्थ वेगळे ठेवायचे, प्रत्येक फेरीला जागांची अदलाबदल करायची, फरशी ओल्या फडक्याने पुसायची आणि शक्य असल्यास दुसऱ्या वारुळाजवळ जायचे. यात आठवडा जातो. ‘एवढे कशाला, सर?’ असे विचारणाऱ्या मुलाला मी वाद न घालता फडके देतो.

दुसरी चूक गांडुळांच्या प्रयोगात हमखास दिसते. कंदी पेढ्यांचा रिकामा खोका घेतात, आत प्लास्टिक अंथरून त्यावर ओला कागद पसरतात, अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा ठेवतात आणि खोका उन्हात ठेवून देतात. गांडुळे पुठ्ठ्याखाली जातात आणि वहीत ‘गांडुळांना अंधार आवडतो’ असे वाक्य उमटते. गांडुळे प्रकाश टाळतात हे खरेच आहे. पण उघड्या भागातील कागद तोवर वाळलेला आणि तापलेला असतो, आणि गांडूळ त्वचेतून श्वास घेत असल्याने ओलावा त्याच्यासाठी जिवाचा प्रश्न असतो. मग ते अंधाराकडे गेले, ओलाव्याकडे की गारव्याकडे, हे या खोक्यावरून सांगता येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना पाठ असते. पण आपण नकळत तीन गोष्टी बदलल्या आहेत, हे त्यांना खोक्यात बोट घालून दाखवावे लागते. मी खोका सावलीत ठेवायला लावतो, दोन्ही भागांत चमच्याने मोजून सारखे पाणी घालायला लावतो आणि उघड्या भागावर पारदर्शक प्लास्टिक झाकायला सांगतो. डार्विनने गांडुळांवरील आपले काम १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात याचा सुरेख नमुना आहे: पियानोच्या आवाजाकडे गांडुळांनी लक्ष दिले नाही, पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा ती बिळांत शिरली. आवाज आणि कंप वेगळे केले, म्हणून उत्तर मिळाले.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. एका गोगलगायीवरून सगळ्या गोगलगायींबद्दल लिहू नये. प्राणी ठेवल्याबरोबर मोजायला लागू नये. निदान दहा मिनिटे त्याला स्थिरावू द्यावे. गांडूळ कोरड्या हाताने उचलू नये. ‘आवडते’ हा शब्द वहीत नकोच, ‘दर मिनिटाला इतकी या भागात होती’ असे लिहावे. साप, पक्षी आणि त्यांची अंडी यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडण्यावर बंदी आली, तर शाळेच्या प्रयोगाला वेगळी सवलत कशी असेल? आणि गांडुळे जिथून आणली, त्याच खतखड्ड्यात त्याच दिवशी सोडावीत.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फोन करून ‘सर, प्राण्यांवरचा एखादा झटपट प्रयोग सांगा’ म्हणणारे पालक दर वर्षी भेटतात. त्यांना मी लिंबाची बॅटरी करायला सांगतो.